गाडीचं मागचं दार

एकसष्ट साली मी अकोला सोडलं, तेव्हा माझी पत्र्याची पेटी मोटारीतून स्टेशनावर गेली आणि आम्ही बापलेक तिच्या मागून चालत गेलो. मी मालकांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो आणि बाबा पंचवीस वर्षं त्यांची मोटार धूत होते. त्या सकाळी मोटार पाहुण्यांना आणायला रिकामीच निघाली होती. मालकांनी मोठ्या मनानं सांगितलं, "पेटी ठेव रे डिकीत. तुमी या आरामात पायी." बाबांनी पेटी ठेवली, मोटारीच्या पत्र्यावर उमटलेला आपला पंजा धोतराच्या सोग्यानं पुसला आणि चालू लागले. फलाटावर पेटी दिसताच त्यांचा चेहरा फुलला. "पाह्य बापू, आपल्या आंधी पेटी पोचली!" मी इंग्लंडला निघालो होतो, पुन्हा कधी भेटू ठाऊक नव्हतं, आणि मला बाबांचाच भयंकर राग आला होता. पाया पडलो, पण त्यांच्याकडे बघितलं नाही.

राग येणार नाही तर काय होईल? छप्पन साली आम्ही नागपूरला दीक्षा घेऊन आलो, तेव्हा याच माणसानं घरातले देव स्वतःच्या हातानं मोर्णा नदीत सोडले होते. पण मोटारीचा बाहेरचा पत्रा बाबांनी पुसायचा आणि आतली गादी ड्रायव्हरनं, हा नियम ते मालकांपेक्षा कडक पाळायचे. पंचवीस वर्षांत एकदाही आत बसले नाहीत. विचारलं की म्हणायचे, "बसून कुठी जाचं हाय मले?"

इथं बर्मिंगहॅमला मोटारीच्याच कारखान्यात लागलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिचं फुकटचं कौतुक कशाला? गाडी मात्र नामी होती. लहानशी, आखूड, आणि पाठीमागे वर उचललं जाणारं आख्खं दार. मागची सीट पाडली की कपाटसुद्धा आत जाईल. त्या मागच्या दाराच्या बिजागऱ्या बसवायचं काम मला दिलं आणि मग तिथंच विसरले. मला इंजिन येत होतं, गिअर येत होता. मी हाताला धरून शिकवलेले दोन गोरे फोरमन झाले. मी विचारायला गेलो की "पुढच्या वर्षी बघू." सहा वर्षं लाइनवर एकामागून एक गाड्या आल्या आणि मी त्यांच्या पाठीशीच उभा राहिलो. मालक अकोल्यातच सुटले असं मला वाटलं होतं, कसला मूर्ख मी!

पहिल्याच वर्षी घरी फोटो पाठवला होता. उघडलेल्या मागच्या दाराखाली मी ऐटीत उभा. धाकट्या बहिणीनं, सुमननं, बाबांचं उत्तर लिहून पाठवलं: "फोटो समद्या वस्तीले दाखोला. त्या देशातले लोक चांगले हायेत. आपल्या मानसाले बसाले गाडीले येगळं दार ठेवलं त्यायनं." मी मोठ्यानं हसलो आणि मग ताटावरून उठलो. ते दार सामानाचं आहे, एवढं एक वाक्य मला लिहिता आलं असतं. थंडी लिहिली, ओव्हरटाइम लिहिला, ते नाही लिहिलं. लाज वाटली, दुसरं काय!

सदुसष्टला रजेवर घरी गेलो. मालकांचा मुलगा इथं डॉक्टरी शिकून परतला होता आणि जाताना नेमकी हीच गाडी जहाजानं घेऊन गेला होता. तिचं मागचं दार लागत नव्हतं. मला बोलावणं आलं, बाबा हौसेनं बरोबर आले. अर्ध्या तासात दार नीट बसवलं. डॉक्टर म्हणाला, "चला, एक चक्कर मारू. तुमी पुढं बसा." मी म्हटलं, "पुढं बाबा बसतील," आणि वळून बघितलं.

बाबा आत बसलेही होते. चपला हातात, गुडघे हनुवटीला लागलेले, मागच्या दारातून चढून सामानाच्या जागेत. चेहऱ्यावर असा आनंद मी जन्मात पाहिला नव्हता. ओट्यावरून मालक हसले, "बसू दे, बसू दे, जागा लय हाय मागं."

"बाबा, खाली उतरा."

"काहून? हेच तं आपलं दार होय ना? तुह्या फोटोतलं?"

मी त्यांचं मनगट धरून त्यांना खाली ओढलं. बसवलेल्या बिजागऱ्यांचे स्क्रू पुन्हा काढले, बॉनेटवर ठेवले आणि निघालो. मालकांचं तोंड उतरलेलं बघून मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो. बाबा पुढे चालत होते. रजा संपेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

आता माझ्याकडे तसलीच जुनी गाडी आहे. वस्तीतली पोरं पत्रातून विचारतात, दादा, परत कधी येणार? पोरांनो, इथल्या रागावर मी आणखी वीस वर्षं काढली असती. मालकांवर चिडायला इंग्लंड पुरतं, कंपनीवर चिडायला बर्मिंगहॅम पुरतं. पण गेल्या आठवड्यात सुमनचं पत्र आलं. दोन वर्षांनी बाबांनी पहिल्यांदा काही सांगून लिहवून घेतलं आहे. त्याचं उत्तर टपालानं धाडता येत नाही, समोर जाऊनच द्यावं लागेल. घर म्हणजे आता मला तेवढंच उरलं आहे. दोनच ओळी आहेत:

"मालकानं मले कदी गाडीत बसवलं नाई, हे खरं हाय. पन बसलो होतो, तं उतरवलं तू."