लांब्या परत आला

"त्याला कोणी उचललं तरी तो परत येईल," ऋतुजा म्हणाली. समोरच्या स्क्रीनवर आमचा अमेरिकन क्लायंट पीट मान डोलवत होता. आणि मी, या टीमचा लीड, चेहरा गंभीर ठेवून मनात म्हणत होतो, उचलू दे कोणीतरी, आणि अजिबात परत न येवो.

सिंगापुरात, तांजोंग पगारच्या आमच्या ऑफिसात सकाळ होती, पीटकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. पीट एका बेसबॉल क्लबात खेळाडूंची निवड बघतो. आम्ही त्याला आकडेमोड करून देतो: कोणता पोरगा पुढे चमकेल, कोण नुसताच जाहिरातीत बरा दिसेल. मी स्वतः बेसबॉल कधी खेळलेलो नाही. नागपूरला क्रिकेट खेळलो, म्हणजे बहुतेक वेळा अंपायर होतो.

सीझन संपला की खेळाडू सुट्टीवर जातात आणि आमचं काम सुरू होतं. हिवाळाभर करार, अदलाबदल, ड्राफ्ट म्हणजे खेळाडू उचलायची फेरी. त्यातला एक नियम सांगितल्याशिवाय माझी फजिती कळणार नाही, म्हणून सांगतो.

प्रत्येक क्लबची एक मोठी टीम असते आणि तिच्याखाली तयारीच्या टीम्स. तिथे होतकरू पोरं कित्येक वर्षं घडत असतात. त्यांना प्रॉस्पेक्ट म्हणतात. क्लबला चाळीस जणांची राखीव यादी करता येते, त्यांना दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. पण बरीच वर्षं खाली काढूनही जो या यादीत आला नाही, त्याला डिसेंबरच्या ड्राफ्टमध्ये दुसरा क्लब उचलू शकतो. अट अशी, की उचलला तर पूर्ण सीझन मोठ्या टीममध्येच ठेवायचा, खाली पाठवायचा नाही. ते झेपलं नाही आणि बाकी कुठल्या क्लबनंही मागितला नाही, तर जुन्या क्लबला विचारायचं, परत हवा का?

हा नियम मी बायकोला समजावला. संगीता म्हणाली, "म्हणजे नेऊन वापरत नसाल तर परत करा. छान नियम आहे. माझ्या मोठ्या कुकरबद्दल तुमच्या ताईंना सांगा एकदा."

तर त्या वर्षी पीटच्या क्लबानं एक महागडा बॅटर साइन केला आणि यादीत एकच जागा उरली. उमेदवार दोन. एक पिचर, म्हणजे आपल्या भाषेत बोलर. सडपातळ, गुडघ्यापर्यंत हात. त्याला घरी आम्ही लांब्या म्हणायचो. बॉल तुफान वेगात टाकायचा, पण तो कुठे जाईल हे बॅटरइतकंच त्यालाही माहीत नसायचं. दुसरा कॅचर, म्हणजे विकेटकीपर. त्याच्या बॅटिंगबद्दल न बोललेलंच बरं.

मी म्हटलं, लांब्याला राखा. दोन हिवाळे मी त्याच्या मागे होतो. त्याचे व्हिडिओ मी मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगपेक्षा जास्त वेळा पाहिले होते.

ऋतुजा म्हणाली, कॅचरला राखा. "लांब्याला कोणी नेलं तरी मोठ्या टीममध्ये पूर्ण सीझन ठेवणं परवडणार नाही. तो रोज मॅच घालवेल. कॅचर मात्र कुठल्याही टीमच्या बेंचवर वर्षभर खपून जाईल. तो गेला की गेला."

"दॅट्स अ ग्रेट पॉइंट, ऋतुजा," पीट म्हणाला.

माझ्या वाट्याला तीन वर्षांत असा पॉइंट आला नव्हता. मला तो फक्त "थँक्स, प्रदीप" म्हणायचा, तेही कॉल संपताना.

आता ऋतुजा कोण ते सांगतो, कारण तिला आणलं मीच होतं. डॉक्टर ऋतुजा वाघमारे, औरंगाबादची. इथल्या युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक करत होती. आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात भेटली, जय भीम झाला, खुर्च्या लावता लावता ओळख झाली. संगीतानं तिला चोआ चू कांगला घरी जेवायला बोलावलं. पोस्टडॉक संपत आलाय म्हटल्यावर मी छाती फुगवून म्हणालो, "आमच्याकडे ये. मी बोलतो बॉसशी." घरी ती मला दादा म्हणते, ऑफिसात प्रदीप. पहिल्या महिन्यात मला दोन्ही आवडायचं.

कॉल संपल्यावर आमची बॉस वी लिंग म्हणाली, "पीटला ऋतुजा आवडलेली दिसते. पुढच्या वर्षी त्याच्या अकाउंटला लीड कोण, ते एप्रिलमध्ये बघू."

"बघू काय? मीच आहे ना?"

"आय सेड, बघू," वी लिंग म्हणाली आणि लंचला गेली.

त्या रविवारी ऋतुजा घरी जेवायला होती. संगीतानं तिच्यासाठी मांडे केले. माझ्या वाढदिवसाला मांडे मागितले तेव्हा तिचा खांदा दुखत होता. ऋतुजानं ड्राफ्टचा सगळा हिशोब वांग्याच्या भाजीतल्या फोडी इकडेतिकडे सरकवून समजावला. आमची कन्या, जी माझं कुठलंही वाक्य पूर्ण ऐकत नाही, ती शेवटपर्यंत ऐकत बसली.

"बाबा, शी एक्सप्लेन्स बेटर दॅन यू ला," असं ती इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली आणि वर, "डोन्ट बी जेलस."

या मुलीचं नाव मुदिता. दुसऱ्याच्या यशात आनंद मानणे, असा अर्थ. नाव मी ठेवलंय. हौसेनं ठेवलंय.

डिसेंबरमध्ये ड्राफ्ट झाला. पीटनं ऋतुजाचं ऐकून कॅचरला राखलं होतं. आणि दुसऱ्या एका क्लबनं लांब्याला उचललं!

मी खाली हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर गेलो आणि सगळ्यांसाठी कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणि नारळाच्या जॅमचा काया टोस्ट घेऊन आलो. वी लिंग पिशवीकडे बघत म्हणाली, "प्रदीप, क्लायंटचा प्लेअर गेला. व्हाय यू सो हॅपी?"

"हॅपी कुठे? टीमचा मोराल सांभाळतोय."

ऋतुजानं टोस्ट घेतला आणि शांतपणे म्हणाली, "येईल परत." मला तो टोस्ट तिच्या हातातून काढून घ्यावासा वाटला.

जानेवारीत आमच्या कंपनीत माणसं या टीममधून त्या टीममध्ये हलवतात. पूर्वी त्यावरून लीड लोकांची भांडणं व्हायची. या वेळी वी लिंगनं नवीन पद्धत काढली, आणि ती तिला आमच्याच प्रेझेंटेशनवरून सुचली होती. प्रत्येक लीडनं आपली दोन माणसं राखायची. उरलेल्यांना दुसरी टीम मागू शकते, आणि त्यांची स्वतःची तयारी असेल तर नेऊ शकते.

माझ्या हाताखाली तीन माणसं: जेसन, हुई मिन आणि ऋतुजा. मी जेसन आणि हुई मिनला राखलं. जेसनचे चार्ट फार सुबक असतात, आणि मीटिंग रूमच्या एअरकॉनचा रिमोट फक्त हुई मिनला सापडतो.

वी लिंगनं मेसेज वाचून मला केबिनमध्ये बोलावलं. "ऋतुजा ओपन? शुअर?"

"शुअर. उरलेल्या टीम्स जहाजांच्या आणि इन्शुरन्सच्या. बेसबॉलवाली कोण नेणार? आणि नेली तरी वर्षभर टिकणार नाही. परत येईल."

बोलून झाल्यावर लक्षात आलं की हे सगळं मी कुठेतरी ऐकलेलं आहे. पण तर्क बिनचूक वाटत होता. तिचाच होता ना!

तिला फरीदनं उचललं. फरीद आमच्या शिपिंग टीमचा लीड. कुठलं जहाज बंदराला उशिरा लागेल हे आधीच सांगायचं, हे त्यांचं काम. त्यानं तिला कोपी पाजली आणि विचारलं, "तुझा पिचर बॉल कुठे टाकेल ते तू सांगतेस. माझं जहाज कुठे अडकेल ते सांगशील?" ती तयार झाली.

डेस्क हलवताना ती माझ्याजवळ आली. "दादा," ती ऑफिसात दादा म्हणाली, "तुम्ही मला राखलं नाहीत, ते माझ्या भल्यासाठीच असणार. इथे मी किती दिवस बेसबॉलच करत बसणार होते?"

मी म्हणालो, "तेच तर." दुसरं काय म्हणणार?

दोन महिने मजेत गेले. पीट पुन्हा "थँक्स, प्रदीप" म्हणू लागला. मग मार्चच्या शेवटी, सीझन सुरू व्हायच्या तोंडावर, सकाळच्या कॉलवर तो भलताच खुशीत दिसला. नव्या क्लबात लांब्यानं सरावाच्या मॅचमध्ये प्रेक्षकांच्या दिशेनं इतके बॉल टाकले, की त्यांनी हात जोडले. बाकी क्लबांनीही नको म्हटलं. लांब्या परत आला होता. कॅचर तर हातात होताच.

"दोघंही आमच्याकडे!" पीट म्हणाला. "ऋतुजा कुठे आहे? तिला थँक्स म्हणायचंय."

"ती... दुसऱ्या टीमला आहे सध्या."

"दुसऱ्या म्हणजे?"

"शिपिंग."

पीट माणूस धंद्यातला आहे, त्याला लगेच समजलं. "प्रदीप, तू तिला यादीत घेतलं नव्हतंस?"

शेजारी बसलेली वी लिंग पेनचं टोपण लावत आणि काढत राहिली.

कॉलनंतर मी तडक फरीदच्या डेस्कला गेलो. "फरीदभाई, ऋतुजा आठवड्यातून एक दिवस तरी द्या. क्लायंट विचारतोय."

"कॅनॉट ला," फरीद म्हणाला. "माझा सीझन चालू आहे."

"किती दिवस?"

"जहाजांना ऑफसीझन नसतो, ब्रदर."

एप्रिलमध्ये वी लिंगनं निर्णय दिला. पीटच्या अकाउंटचा लीड मीच राहिलो. दुसरं कोणी उरलंच नव्हतं. पीटनं काम चालू ठेवलं, पण आता माझ्या प्रत्येक सल्ल्यावर तो विचारतो, "ऋतुजाला दाखवलंस का?" म्हणून मी रविवारी जेवताना तिला दाखवतो. ती खाता खाता चूक काढते. संगीता तिच्या ताटात आणखी एक मांडा घालते आणि म्हणते, "फरीदसर किती कदर करतात गं तुझी." हल्ली मला ऋतुजाचं काही वाटत नाही. फरीदचं वाटतं.

या धंद्यातून मी एवढंच शिकलो. यादीत कोणाला घ्यायचं हे ठरवताना आपल्याला कोणाचा राग येतो ते आधी बघावं, त्याच माणसाला पहिल्यांदा राखावं. बेसबॉलमध्ये चुकलात तर माणूस परत मिळण्याची एक वाट ठेवलेली आहे. आमच्या ऑफिसच्या नियमात वी लिंगनं ती घातली नव्हती, आणि तो नियम मी नीट वाचला नव्हता.

कुकरही अजून ताईकडेच आहे.