पाय दक्षिणेला

बायपासनंतर हे घरी आले आणि माझं एकच काम उरलं, ह्यांची छाती हलतेय ना ते बघत राहायचं. पेपर वाचताना, टीव्हीसमोर डुलकी घेताना, माझी नजर तिथेच. "अगं, मी काय दूध आहे का उतू जायला?" हे वैतागायचे. "उतू गेलात तर पुसायचं कोणी?" मी म्हणायची. तोंडाने मी कधीच कमी नाही. रात्री मात्र उठून उठून ह्यांच्या नाकाशी बोट धरून बघायची.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी हलक्या योगासनांना परवानगी दिली. सोसायटीच्या फाटकासमोरच बाग आहे, तिथे सकाळी सातला वर्ग भरतो. शिकवणाऱ्या ताई इथल्याच, मूळ घणसोली गावातल्या, बोलणंही तिथलंच, साठीच्या, टी-शर्ट, ट्रॅकपँट आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पहिल्या दिवशी सगळं नीट चाललं होतं. शेवटी समोरच्या कट्ट्यावरून ताई म्हणाल्या, "आता शवासन. पाठीवर निजा, डोले मिटा."

नाव ऐकूनच मला कसंतरी झालं. त्यात डावीकडच्या डोंगरामागून ऊन वर येत होतं. डावीकडे पूर्व, म्हणजे समोर दक्षिण. आणि आमचे हे दक्षिणेला पाय पसरून, हात सैल सोडून, डोळे मिटून खुशाल पडलेले! आमच्या साताऱ्याकडे असं कोणाला निजवतात ते मी सांगायला नको.

मी ताडकन उठले. "अहो, उठा आधी! ताई, आत्ता कुठे माझा माणूस तिकडून परत आलाय, आणि तुम्ही त्याला असं झोपवता?"

अख्खा वर्ग उठून बसला. ह्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बघा, जीभ ही अशी आहे माझी. मला वाटलं, आता ताई हसणार, नाहीतर दोन शब्द सुनावणार. त्या कट्ट्यावरून उतरून माझ्याजवळ आल्या. "आमच्यात पन दक्षिनेला पाय नाय करीत गो बाय. इतकी वर्सं झाली, माज्या ध्यानातच नाय आला. चला, सगल्यांनी फिरा."

"पाय होते तिथं डोकं कसं ठेवायचं?" मागून एक काका म्हणाले. तेही खरंच. मग वीस-बावीस माणसांनी उठून आपापल्या मॅट उलट्या फिरवल्या. तेव्हापासून तो रिवाजच पडला. शवासनाआधी ताई नुसता हात फिरवतात आणि सगळे निमूटपणे मॅटची टोकं बदलतात. कोणी कधी मला बोलून दाखवलं नाही. नवीन कोणी विचारलं तर काका सांगतात, "इथं असंच असतं."

मॅट फिरल्या, पण माझे डोळे काही मिटेनात. बाजूला पडून मी ह्यांचे श्वास मोजायची. बाकीच्यांचे चेहरे कसे सैल पडायचे! रस्त्यावरून ट्रक जायचे, झाडावर कावळे भांडायचे, आणि ही माणसं शांत. मला हेवा वाटायचा. मलाही ते हवं होतं, पाच मिनिटं तरी. ताई जवळून जाताना पुटपुटायच्या, "डोले मिट गो."

"मिटलेत."

"एकच मिटलाय."

थंडी सुरू झाली. नणंद चार दिवस राहायला आली होती, तिचं आंघोळीचं पाणी, चहा, पथ्याचा नाश्ता, सगळं उरकताना मला उशीर झाला. हे पहिल्यांदाच एकटे पुढे गेले. मी धावतपळत पोचले तर शवासन सुरूही झालेलं. ह्यांच्या शेजारी मॅट टाकली आणि अंग सोडून दिलं. बाजूला ह्यांचे मोजे दिसले, छाती काही दिसेना. काहीतरी चुकलंय असं वाटलं, पण मान उचलेना. म्हटलं, एक मिनिट. बघते मग.

जाग आली तेव्हा तोंडावर ऊन होतं. बाग रिकामी. शेजारची मॅट रिकामी. उठून बसले तर हे माझ्या पायांपलीकडे, दोन हात अंतरावर, ओल्या गवतात मांडी घालून बसलेले. पाठ माझ्याकडे, तोंड कट्ट्याकडे.

"अहो, गवतात काय बसलाय? सर्दी झाली म्हणजे? मला उठवायचं नाही का?"

"घोरत होतीस," हे वळून म्हणाले. "चार महिन्यांत पहिल्यांदा झोपलेली बघितली तुला. कशाला उठवू?"

"मग मॅटवर बसायचं ना! तिकडे काय ठेवलंय?"

हे जरा लाजले. "तू घाईत मॅट फिरवायची विसरलीस. पाय दक्षिणेला होते तुझे. म्हटलं, आपण मधे बसू."

मला बोलताच येईना. मला, बोलता येईना! एवढे दिवस मी ह्यांचेच पाय सांभाळत होते, माझेही पाय आहेत हे डोक्यातच नव्हतं. डोळे भरून आले आणि रडले मी तिथेच, चांगली हुंदके देऊन.

"चल, नणंद वाट बघत असेल तुझी," हे म्हणाले.

"बघू दे," मी म्हटलं. "पाच मिनिटं बसा अजून. तिथेच."

आणि परत आडवी होऊन दोन्ही डोळे मिटले.