ठिपका थांबेपर्यंत कॉफी बंद!

प्रयोगशाळेत दोनच गोष्टी साठतात, रीडिंगं आणि किस्से. दहा वर्षांनी बघावं, तर रीडिंगं कुणीतरी चुकीची ठरवलेली असतात. किस्से मात्र सांगणाऱ्यागणिक वाढलेले! पन्नास-साठच्या दशकांत मी बंगळुरात, यशवंतपूरजवळच्या एका प्रयोगशाळेत टेंबेसरांचा असिस्टंट होतो. माझ्याकडचा साठा तिथला.

सर बेळगावचे. अतिसूक्ष्म वीजप्रवाह मोजायचे. केसाहून बारीक तंतूला मेणानं चिकटवलेला चिमुकला आरसा, त्यावर दिव्याचा झोत आणि समोरच्या पट्टीवर उजेडाचा ठिपका. ठिपका सरकला की प्रवाह आला समजायचं. भानगड एवढीच, की प्रवाह बंद असतानाही ठिपका थरथरायचा!

वैतागून एकदा सरांनी जाहीर केलं, "हा ठिपका एक मिनिट स्थिर राहीपर्यंत कॉफी बंद!"

धक्का बसला येसाजीअण्णांना. अण्णा आमचे काचकाम करणारे, घराणं मराठी, पण तीनशे वर्षांपासून बंगळुरातलंच. रोज दहाला ते आणि सर 'बाय-टू' घ्यायचे. एक कॉफी, दोन टंबलर.

"सर, शपथ तुमची. माझी कॉफी का बंद?"

"तुम्ही घ्या की अख्खी!"

"एकट्यानं अख्खी? मला कुणी नाही काय?"

* * *

पहिला संशय रेल्वेवर. सरांनी मला आठवडाभर यशवंतपूरच्या यार्डात घड्याळ देऊन बसवलं. डबे आपटले की वेळ टिपायची. वेळा जुळल्या! मग जमिनीत खोल, इमारतीला कुठेही न टेकणारा दगडी खांब उभारून उपकरण त्यावर ठेवलं. मोठी थरथर गेली. तिच्याखाली बारीक थरथर निघाली!

"ही आधी दिसतच नव्हती!" सर खूश.

अण्णा म्हणाले, "सर, तुम्ही रोग बरा करताय की नवा शोधताय?"

* * *

नवा रोग निघाला कँटीनच्या अक्कांचा. रोज सकाळी दगडी रगड्यावर त्या इडलीचं पीठ वाटायच्या. सर विनवायला गेले, "स्वल्प थांबवाल का?"

"का? तुमचा ठिपका इडली करून घालणार काय सगळ्यांना?"

शेवटी तोड निघाली. अक्कांनी आम्ही रात्री उशिरा घरी गेल्यावर वाटायचं. सकाळपर्यंत पीठ पुरतं फुगेना. महिनाभर अख्ख्या संस्थेनं दगडासारख्या इडल्या खाल्ल्या. विज्ञानाच्या प्रगतीत आमच्या दातांचाही वाटा आहे!

ठिपका? अजून बारीक थरथरत होता.

* * *

मग परदेशातून एक मोठे पाहुणे आले. ठिपका बघून म्हणाले, "ही हवेच्या कणांची ढकलाढकल. इथं मोजण्याची मर्यादा संपली. यापुढं माणसाला जाता येणार नाही." टाळ्या पडल्या.

अण्णांना मी मराठीत सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे कॉफी कायमची गेली?"

"गेलीच."

"हवाच ढकलते ना? सरी, ठीक आहे! हवाच काढून टाकू."

तिसऱ्या दिवशी अण्णांनी आरशाभोवती काचेचा फुगा उभा केला आणि पंप लावून हवा उपसली. ठिपका तरी थरथरतोच!

सर नाचायचेच बाकी होते. "अण्णा, आता तंतू थरथरतोय! त्याच्यातलीच उष्णता! पाहुण्यांची मर्यादा खरी, पत्ता अर्धाच दिला होता!"

अण्णा शांतपणे म्हणाले, "मग तंतू काढू?"

* * *

बारा वर्षं अशी गेली. सरांच्या नोकरीचा शेवटचा दिवस उजाडला. अण्णा आमच्याआधी येऊन फुगा उघडून 'साफ' करून, पुन्हा बंद करून बसले होते.

सरांनी दिवा लावला. ठिपका स्थिर!

मी घड्याळ धरलं. एक मिनिट. दोन. पाच! मी ओरडतच कँटीनकडे धावलो. अक्का स्वतः कॉफी घेऊन आल्या आणि दोन टंबलरांत अर्धी अर्धी ओतली. सरांनी वास घेतला. डोळे भरून आले. अण्णांनीही टंबलर उचलला, बारा वर्षांनी.

सरांचा टंबलर ओठांपर्यंत गेला. नजर ठिपक्यावर. टंबलर तिथंच थांबला.

"थांबला खरा," सर पुटपुटले. "पण का थांबला?"

"सर, पिऊन मग विचारा की!" अण्णा कळवळले.

सरांनी टंबलर खाली ठेवला, कोट काढला, बाह्या सरसावल्या. चेहरा असा, की नोकरीचा पहिला दिवस असावा!

"कारण सापडेपर्यंत कॉफी बंद! अण्णा, उघडा तो फुगा."

अण्णांनी टंबलर तसाच खाली ठेवला आणि बोटाला लागलेलं मेण हळूच धोतराला पुसलं.