कंपाउंडरच्या गाडीतला पिवळा दिवा

दवाखाना बंद झाला, डॉक्टर देवाघरी गेले, त्या जागी चष्म्यांचं दुकान आलं, तरी त्यांना सगळे कंपाउंडरच म्हणत. जन्मभर दुसऱ्याने लिहून दिलेली औषधं बाटल्यांत भरली, त्यामुळे निवृत्त झाल्यावर स्वतः निदान करायची हौस अशी काही उफाळून आली की विचारू नका. बायकोला शिंक आली की हे नाडी बघणार. शेजाऱ्यांचा कुत्रा लंगडला की पट्टी घेऊन हजर. फ्रिज घुरघुरला की त्याच्या पाठीला कान लावून उभे. आणि सगळ्यांत लाडका पेशंट म्हणजे त्यांची गाडी.

गाडी हायब्रिड. म्हणजे पुढे पेट्रोलचं इंजिन, मागच्या सीटखाली मोठी बॅटरी, आणि दोघांनी मिळून संसार ओढायचा. नवी होती तेव्हा गल्लीतली माणसं मुद्दाम बघायला यायची, कारण चालू झाली तरी आवाज नाही. आता तिचं वय झालं होतं. दारं कुरकुरत, सीटचं कापड कोपऱ्यांतून विरलेलं. पण कंपाउंडर तिला अजून नव्या नवरीसारखी पुसत.

त्यात गेल्या वर्षी गाडी पुलावर मधोमध बंद पडली. कारण ऐकाल तर हसाल. पेट्रोल संपलं होतं. ‘बॅटरी आहे की!’ म्हणून कंपाउंडर पंपावर जायचं आज-उद्या करत राहिले होते. बायको आत बसलेली, मागे हॉर्नचा कल्लोळ. शेवटी लेक आली. लेक शाळेत मुख्याध्यापिका, तेव्हा तिने पुलावरच वर्ग घेतला.

“बाबा, आता या गाडीत एक जरी दिवा लागला ना, तर गाडी सरळ भंगारात. आईला तुम्ही कुठेतरी अडकवून ठेवलेलं मला चालणार नाही. आणि हे मी गमतीत बोलत नाहीये.”

ती गमतीत बोलत नव्हती हे कंपाउंडरना पक्कं ठाऊक होतं. बायकोचे गुडघे इतके दुखत की बसची पायरी तिला चढवत नसे. गाडी होती म्हणून ती व्यायामाला जाई, विणकामाच्या मंडळात जाई, मैत्रिणींत चार घटका हसून येई. गाडी गेली की ती खिडकीपाशी बसून राहणार. आणि तिला नेणं-आणणं हेच तर आता कंपाउंडरचं काम होतं, दुसरं काय उरलं होतं?

आणि नेमका दिवा लागला. इंजिनाच्या आकाराचा, पिवळा, डोळे वटारून बघणारा. नशीब, बायको तेव्हा शेजारी नव्हती.

त्यांनी गुपचूप एक यंत्र मागवलं. काडेपेटीएवढं. स्टिअरिंगखाली एक खाच असते, तिथे खुपसायचं, की गाडीच्या मनात काय खुपतंय त्याचा कोड मोबाइलवर येतो. एक अक्षर आणि पुढे आकडे. कंपाउंडरना आकड्यांचा अर्थ कळला नाही, पण कोडच्या खाली एक बटण होतं, त्याचा अर्थ बरोबर कळला. ‘पुसा’. त्यांनी पुसला. दिवा गेला. गॅरेज काय, लेक काय, डॉक्टर हयात असते तर डॉक्टर काय, कुणाची म्हणून गरज नाही! त्या दिवशी कंपाउंडर घरी शीळ घालत आले.

दोन दिवसांनी दिवा परत लागला. पुन्हा पुसला. पुन्हा लागला. ताप आला की गोळी, उतरला की पेशंट बरा, असा सगळा कारभार. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात लोकांना ‘नुसता ताप उतरवू नका, डॉक्टरांना दाखवा’ असं बजावलं, त्याने हे करावं! पण दुसऱ्याच्या तापाला अक्कल सुचते, स्वतःच्या दारात ताप आला की ती कुठे पळते देव जाणे.

आता खरी अडचण दिव्याची नव्हती, बायकोची होती. ती बसायची पुढे, शेजारी. घरातून निघाल्यापासून पोहोचेपर्यंत तिच्या तोंडाला खळ नसे. कोणाच्या सुनेने काय केलं, कोणत्या दुकानाने पाटी बदलली, पुढचा ट्रक कसा चाललाय, सगळं. आणि रोज संध्याकाळी लेकीला फोन. तिने दिवा पाहिला की संध्याकाळपर्यंत लेकीला कळणार आणि सकाळी भंगारवाला दारात. कंपाउंडरनी विचार केला आणि एक दिवस गाडीचं मागचं दार उघडून उभे राहिले.

“अगं, तू आजपासून मागे बसत जा. पाय लांब करून. तुझ्या गुडघ्यांना बरं.”

बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “मागे?”

“मग! ऐसपैस बस. राणीसारखी.”

ती मागे बसली. दुसऱ्या दिवशी कमरेला उशी आणली, तिसऱ्या दिवशी पायांवर घ्यायची शाल, मग लोकरीची पिशवी. हळूहळू मागच्या सीटवर तिचं बिऱ्हाडच थाटलं गेलं. सुरुवातीला ती मागून काहीबाही बोलायची. कंपाउंडर ‘हं, हं’ करायचे. डोळे दिव्याकडे, बोट यंत्राकडे. मग तिचं बोलणं कमी झालं. कंपाउंडरना वाटलं, चला, विणकामात रमली.

आणि दिव्याने तर कहरच केला. आधी दोन-चार दिवसांनी लागायचा, तो आता व्यायामाला जाताना एकदा आणि येताना एकदा लागायला लागला. कोडही नवा, पहिल्याचा भाऊसुद्धा नाही. मागून घूं-घूं असा आवाज यायचा.

“अहो, माझ्या कानाशी कुणीतरी केस वाळवतंय,” बायको एकदा म्हणाली.

“वारा असेल,” कंपाउंडर म्हणाले. काचा बंद होत्या.

अशातच गाडीच्या तपासणीची तारीख आली. जुन्या गाड्यांना ती चुकत नाही. तिथे नापास झालं तर गाडी रस्त्यावर आणायची नाही. कंपाउंडर निर्धास्त होते. फाटकाबाहेरच गाडी थांबवली, यंत्र खुपसलं, पुसा. गाडी धुतल्या तांदळासारखी स्वच्छ करून आत नेली.

तपासनीस तोंडात पेन धरलेला, झोपेतून उठल्यासारखा माणूस. त्याने आपलं यंत्र लावलं, पडद्याकडे पाहिलं आणि पेन तोंडातून काढलं.

“काका, कोड आत्ताच पुसलेत ना?”

“छे! मी कशाला पुसू?”

“गाडी स्वतःच्या चाचण्या स्वतः घेत असते. तुम्ही पुसलं की त्या सगळ्या पुन्हा पहिल्यापासून. हिची एकही पूर्ण नाही. म्हणजे पोराने कोरी उत्तरपत्रिका दिलीय. चूक एकही नाही, पण पास कसं करू?” त्याने नापासाचा शिक्का उठवला. “दुरुस्त करा, रोज चालवा, पुसू नका, आणि पंधरवड्याच्या आत आणा. तेव्हाही असंच असलं तर मग गाडी विसरा.”

ही बातमी लेकीपर्यंत तपासणी केंद्रातूनच पोहोचली, कारण गाडी लेकीच्या नावावर होती आणि मेसेज तिला गेला. फोनवर ती ओरडली नाही. ती ओरडली नाही की कंपाउंडरना जास्त भीती वाटे.

“पुढच्या तपासणीला मी येणार आहे,” एवढंच म्हणाली. “येताना गाडी तरी येईल नाहीतर नुसते आपण.”

मग मात्र कंपाउंडर निमूटपणे गॅरेजवाल्या ताईंकडे गेले. सोबत बायकोही होती, व्यायामाहून परत येताना, आणि दिवाही वाटेत पुन्हा लागला होता. ताई हातातलं ग्रीस फडक्याला पुसत आल्या आणि सगळं ऐकून कपाळावर हात मारला. म्हणजे कपाळही पुसायची वेळ आली.

“काका, पेशंटचा रिपोर्ट फाडून टाकून तुम्ही डॉक्टरला म्हणताय, सांगा काय झालंय! पहिला कोड आठवतो का?”

कंपाउंडरना आठवत होता. औषधांची लेबलं वाचून वाचून आकडे डोक्यात बसायची सवय. त्यांनी सांगितला. ताईंनी ऐकला आणि गाडीच्या मागे जाऊन पेट्रोलचं झाकण पिळलं. कट, कट, कट.

“हा होता तो. झाकण सैल.”

“म्हणजे?”

“म्हणजे पहिल्या दिवशी हे पिळलं असतंत तर रामायण घडलंच नसतं. आता दुसरा कोड. तो बॅटरी तापल्याचा आहे, पण ती का तापते ते बघू. तुम्ही रोज जसे बसता तसे बसा. अगदी तसेच.”

कंपाउंडर पुढे बसले. बायको मागे चढली. उशी लावली, शाल पसरली, लोकरीची पिशवी कडेला टेकवली. ताई दारात वाकून बघत होत्या. त्यांनी हात घालून उशी उचलली. सीटच्या कडेला, उशीच्या बरोबर मागे, एक जाळी होती. जाळीत लोकरीचे धागे, निळे, तांबडे, पिवळे, असे काही अडकले होते की आत मोजे विणायला घेतलेत असं वाटावं.

“हे बॅटरीचं नाक आहे,” ताई म्हणाल्या. “इथून गार हवा आत जाते. काकूंनी त्यावर उशी ठेवलीय. तो केस वाळवल्यासारखा आवाज म्हणजे आतला पंखा, बिचारा जीव तोडून हवा ओढत होता. काकू, तुम्ही कधीपासून मागे बसता?”

“यांनी बसवलं तेव्हापासून.”

“आणि काका, का बसवलंत?”

कंपाउंडरनी गुडघ्यांचं कारण सांगायला तोंड उघडलं, पण आरशात बायको बघत होती. शेवटी म्हणाले, “हिला दिवा दिसू नये म्हणून.”

ताई इतक्या हसल्या की शेजारच्या टायरवाल्याने मान वर केली. दिवा लपवायला बायको मागे, आणि बायको मागे म्हणून दिवा! बायको मात्र हसली नाही. तिने उशी, शाल, पिशवी गोळा केली, उतरली, आणि पुढे येऊन बसली.

ताईंनी पंखा उघडून साफ केला, जाळी धुतली, आणि कंपाउंडरचं यंत्र मागून घेऊन स्वतःच्या खणात टाकलं. “दोष गेला असेल तर दिवा आपोआप विझेल. तोपर्यंत दोघं मिळून बघा त्याच्याकडे.”

त्यानंतरचे दिवस कंपाउंडरनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. दिवा पिवळाजर्द, शेजारी बायको, आणि गाडीत चिडीचूप. गाडीला आवाज नाही आणि बायकोलाही नाही. त्यांनी मुद्दाम बदललेल्या पाट्यांच्या दुकानांवरून गाडी नेली. ती खिडकीबाहेर बघायची. मग एका सकाळी दिवा विझला, आपला आपण. कंपाउंडर “अगं बघ!” म्हणून ओरडले. तिने बघितलं. “हं,” म्हणाली.

तपासणीला लेक आली. तपासनीसाने यंत्र लावलं, मान हलवली आणि पासचा शिक्का मारला. कंपाउंडरना त्याला मिठी मारावीशी वाटली.

लेकही निवळली. “जाऊ दे, सुटलो. पण बाबा, आईपासून लपवलंत म्हणून एवढं चाललं. तिला कळलं असतं तर मला त्याच संध्याकाळी कळलं असतं.”

“मला माहीत होतं,” आई म्हणाली.

“कसं?” लेकीने विचारलं.

“या गाडीचे दिवे मधोमध आहेत. पुढे बसलं की मान वळवून बघावं लागतं, मागे बसलं की समोरच दिसतात. रोज दिसत होता. यांचं ते यंत्र खुपसणंही दिसत होतं.”

“मग मला का नाही सांगितलंस?” लेक म्हणाली.

“सांगितलं असतं तर गाडी गेली असती. हे घरात बसून माझ्या पातेल्यांचा ताप मोजत बसले असते. मी गप्प राहिले. पण यांना वाटलं, ही चुगली करेल. इतकी वर्षं शेजारी बसले, आणि यांना माझा एवढा भरवसाही वाटू नये?”

कंपाउंडरना भर तपासणी केंद्रात रडू येईल असं झालं. ते गाडीकडे गेले. मागून दिवा दिसतो की नाही हे त्यांना कसं कळणार होतं? इतक्या वर्षांत ते या गाडीत मागे कधी बसलेच नव्हते. त्यांनी किल्ली लेकीच्या हातात दिली आणि मागचं दार उघडून आत शिरले. खरंच, सगळं समोर दिसत होतं. आकडे, काटे, आणि पुढच्या दोघींची डोकी.

गाडी निघाली. वाटेत बायको लेकीला काहीतरी सांगायला लागली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज तसा लागला होता. लेक खुदकन हसली. मागे कंपाउंडरना फक्त चाकांची घरघर ऐकू येत होती.

“काय म्हणालीस?” त्यांनी विचारलं. कोणी ऐकलं नाही. ते पुढे वाकले. “अगं, काय म्हणालीस?”

बायकोने दुखऱ्या गुडघ्यांसकट अख्खं अंग मागे वळवलं आणि मोठ्याने, पहिल्यापासून, पुन्हा सांगितलं. कंपाउंडर ऐकत राहिले. ती मागून बोलत असताना आपण असे एकदाही वळलो नव्हतो हे त्यांना आठवलं आणि फार लाज वाटली.