पिवळ्या पोटाचे, राखी पोटाचे

"आधी पोट पाह्य गा, मग बोंबल." कोणी नुसतं 'हरियल!' म्हणून ओरडलं की सरांचं हे ठरलेलं. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि सकाळी हिंगणा रस्त्याकडेच्या वडाखाली वर्तमानपत्र अंथरून चक्क उताणे पडायचे. कंपनीच्या बसमधून कामगार हाका मारायचे, "मास्तर, उठा! पाळी चुकली तुमची!"

तुम्हीही हरियल पाहिले असतील. म्हणजे पाहिले नसतीलच. हिरव्या पानांत हिरवं कबूतर, खालून पोट दिसतं तेवढंच. दक्षिणेकडच्यांचं पिवळं, उत्तरेकडच्यांचं राखी. आपल्या नागपुरात दोन्ही एकाच फांदीवर फळं खातात. या दोन जाती की एकच, यात सरांची उमर गेली.

रस्ता रुंद करायला तो वड तोडायचं ठरलं. आम्ही पोरांनी पत्रक काढलं : 'दुर्मिळ पक्ष्यांचं घर वाचवा!' सरांनी वाचून परत दिलं.

"दुर्मिळ काहून लिहिलं?"

"नाहीतर कोण ऐकते, सर?"

"पिवळा दुर्मिळ नाही, राखीबी नाही. खोड ते."

मी खोडलं नाही. आजही खोडणार नाही.

रस्ते खात्याचे साहेब पाहणीला आले. जाणकार म्हणून त्यांनी सरांनाच विचारलं, "हा पक्षी दुर्मिळ आहे का हो?" सरांनी नुसती मान डोलावली असती तरी वड वाचला असता.

"नाही. रोजचा आहे," सर म्हणाले. "रोज येते, म्हणून तर त्याले झाड रोज लागते."

साहेबांनी 'नाही' तेवढं ऐकलं. बाकीचं ऐकायच्या आत ते जीपमध्ये बसून गेलेले होते.

मी तिथंच भांडलो. "एक शब्द खोटा बोलले असते तर काय बिघडत होतं?"

"मंग उद्या खरंच दुर्मिळ काही दिसलं, तर माह्यं कोण मानंल बे?"

"उद्या झाडच नसेल, सर."



त्यानंतर मी पुष्कळ पत्रकं लिहिली. तोडणारे थकत नाहीत, थकतो आपण. सर तर आता राहिलेही नाहीत.

त्यांना शेवटचं पाहिलं ते वड पडला त्या सकाळी. हरियल आले, घिरट्या घातल्या, विजेच्या तारांवर बसले. पान नाही, आडोसा नाही. पिवळी पोटं, राखी पोटं, सगळी उघड्यावर. बसमधल्या कोणीही ओळखली असती. सरांनी वर पाहिलं नाही. सायकल हातात धरून, रस्ताभर सांडलेली वडाची फळं चाकाखाली येऊ न देता, ते हळूहळू निघून गेले.