बिनशेपटीच्या माशा

साउथहॅम्प्टनमध्ये तळं गोठत नाही. फारच थंडी पडली तर कडेला पापुद्र्याएवढा बर्फ धरतो आणि दुपारपर्यंत त्याचं पाणी होतं. तरीही आमच्या डायनिंग टेबलावर कित्येक वर्षं बर्फातल्या मासेमारीसाठी माशा बांधल्या जातात. खऱ्या माशा नव्हेत. तांदळाएवढ्या गळावर दोरा गुंडाळायचा, मागे पिसाचे चार तंतू अडकवायचे, की पाण्यातल्या मासोळीला तो किडा वाटतो. "लोक माशा मारत बसतात, आमचे हे बांधत बसतात," असं मी आल्यागेल्याला सांगायचे. हे हसायचे आणि भिंगाच्या दिव्याखाली परत मान घालायचे.

हे वेड अमेरिकेतलं. इंग्लंडला येण्याआधी यांच्या कंपनीने यांना मिनेसोटात पाठवलं होतं. तिथला ऑफिसातला एक गोरा मित्र यांना शनिवारी गोठलेल्या तळ्यावर न्यायचा. बर्फाला ड्रिलने भोक पाडायचं, उपड्या बादलीवर बसायचं, माशी सरळ खाली सोडायची आणि हलकेच हलवत राहायचं. तिची शेपटी थरथरली की तळहाताएवढे चपटे मासे येतात, बरोबर तव्यात मावणारे. आम्ही बौद्ध. रविवारी वंदनेला बसून प्राणिहत्या करणार नाही असं शील घ्यायचं आणि घरी येऊन गळ बांधायचे, हे मला मुळीच पटायचं नाही. त्यावरून वाजायचं. "मी इथे नुसत्या बांधतो, पकडतो कुठे?" म्हणून हे सुटायचे. मी कधी यांच्या माशांच्या डबीला हात लावला नाही. दर हिवाळ्यात ती भरून मित्राला पोस्टाने जायची, आणि रिटायर झाल्यावर एक अख्खा जानेवारी त्याच्याबरोबर बर्फावर काढायचा, हे दोघांचं पक्कं ठरलेलं होतं.

रिटायर झाले आणि त्याच उन्हाळ्यात स्ट्रोक आला.

वाचले हेच खूप, असं सगळे म्हणाले. डावा हात लुळा पडला. पाय ओढत का होईना, चालायला लागले. पण खरं दुखणं निराळंच निघालं. यांच्यासाठी डावी बाजू म्हणून जगात काही उरलंच नाही. डोळे ठणठणीत आहेत, मेंदूच तिकडे बघत नाही, आणि बघत नाही हे त्याला कळतही नाही. हॉस्पिटलमधून घरी आले त्या दिवशी जेवताना म्हणाले, "चटणी विसरलीस. लिंबूपण नाही." दोन्ही वाढलेलं होतं, ताटाच्या डाव्या बाजूला, जिथे जन्मभर वाढत आले तिथे. भाजी-आमटी संपली होती आणि भात उजवीकडून अर्धाच खाल्लेला होता. मी ताट फिरवलं तर म्हणाले, "हे कधी वाढलंस?" आता मी चटणी भाजीच्या शेजारी वाढते. सासूबाई असत्या तर त्यांनी मला पानं वाढायला परत शिकवलं असतं.

घरी थेरपिस्ट येऊ लागली. तिने आडपडदा न ठेवता सांगितलं: हे स्वतःहून डावीकडे बघायला शिकले तर एकटे राहू शकतील, बाहेर जातील, विमानातही बसतील. नाही शिकले तर यांना एकटं सोडता येणार नाही. मग तिने विचारलं, यांना हाताने काय करायला आवडतं? मी कपाटातला व्हाइस काढून दिला, गळ पकडून ठेवायचा तो टेबलाला लावायचा चिमटा. उजव्या हाताने बांधणाऱ्याच्या समोर गळाचं भोक उजवीकडे असतं आणि शेपटीची जागा डावीकडे. यांनी पहिली माशी बांधली आणि "झाली" म्हणून खुशीत मागे टेकले. माशीचं डोकं सुरेख झालं होतं. मागचा अर्धा गळ मात्र उघडाच होता.

म्हणून मी यांचा डावा हात झाले. ज्या गळाला कधी शिवले नाही तो चिमटीत धरला, पिसं धरली. थेरपिस्टने टेबलाच्या डाव्या कडेला लाल टेप चिकटवली होती. ती दिसेपर्यंत मान वळवायची. "अहो, डावीकडे. अजून डावीकडे," हाच माझा दिवसभराचा जप. "बघतोय ना मी, अजून किती डावीकडे?" हे वैतागायचे. मीही वैतागायचे. आजारी नवऱ्यावर मी कधी चिडत नाही असं सांगणाऱ्या बायका साफ खोटं बोलतात. भारतातून फोन यायचे, होईल हो हळूहळू, पॉझिटिव्ह राहा. फोन ठेवला की मी भांडी आपटायचे. डबीत बिनशेपटीच्या माशा साठत गेल्या.

थंडी सुरू झाली तेव्हा थेरपिस्ट म्हणाली की सुधारणा थांबलीय, पुढची भेट शेवटची. तोपर्यंत एकदा काही न सांगता, न खुणावता बघा, हे आपण होऊन डावीकडे वळतात का. त्याच आठवड्यात मित्राचा मेसेज आला: बर्फ धरलाय, तुझी बादली तयार आहे. मी वाचून दाखवला. "तिकिटं बघ," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी यांच्या डावीकडे खुर्ची ओढून बसले आणि तोंड मिटून घेतलं. पिसाचे तंतू गळाच्या मागच्या टोकाला टेकवून धरले. यांचा उजवा हात दोरा गुंडाळत मागे सरकत आला, जरा थांबला, आणि चक्क माझ्या बोटांपर्यंत पोचला. वेढे पडले. शेपटी आवळली गेली. यांनी गाठ मारून दोरा कापला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माशी पुरी झाली होती. खोटं कशाला सांगू, मी हरखले. मनातल्या मनात मी तिकिटंसुद्धा काढली.

यांनी माशी सोडवून भिंगाखाली धरली, हसले, आणि उजवीकडे स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, ऐकतेस का? कुठे आहेस?"

माझा गुडघा यांच्या खुर्चीला लागलेला होता. मी "अहो" म्हटलं. आवाज ऐकून यांनी मान आणखीच उजवीकडे वळवली आणि दाराकडे बघत राहिले.

मी उठले. खुर्चीच्या मागून फिरून स्वयंपाकघराच्या बाजूने समोर आले, तेव्हा यांचा चेहरा उजळला.

"होतीस कुठे इतका वेळ? हे बघ, एकट्याने बांधली," हे म्हणाले. "आता जानेवारीत जातो मी. तू बरोबर नसलीस तरी चालेल."