क्रेनवरून दिसलेला बाजार

बांधकामावर त्याला सगळे 'उंटावरचा' म्हणत. नाव मुकादमानं ठेवलं होतं. पुढचं 'शहाणा' तो फक्त रागावला की जोडायचा. काम टॉवर क्रेन चालवायचं. सकाळी शिडीनं वर चढायचं, काचेच्या केबिनमध्ये बसायचं, सळयांचे भारे आणि काँक्रीटची बादली उचलून मजल्यावर नेऊन ठेवायची, आणि संध्याकाळीच खाली उतरायचं. जेवणाचा डबा वर, पाण्याची बाटली वर, आणि पाणी प्यायल्यावर पुढे जे लागतं त्याचीही बाटली वर. तोंडाला लावण्याआधी नीट बघून घ्यावं, असं तो नव्या लोकांना अगदी गंभीरपणे सांगे.

लग्न केलं नव्हतं. आई गेल्यावर धाकट्या बहिणीला त्यानंच लहानाचं मोठं केलं. बहीण बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुकानाचे मालक वयस्कर, विधुर; ती त्यांना काका म्हणे. दुकानात कायम पांढरा कोट घालून बसत, त्यामुळे गिऱ्हाइकं त्यांना डॉक्टर समजत आणि तेही फारसा खुलासा करत नसत. क्रेनवरून त्या दुकानाचं छप्पर, पुढचा रस्ता आणि मागची गल्ली असं सगळं दिसे.

त्या दिवशी दुपारी तो सळयांचा भारा वर आणत होता. बाजाराच्या तोंडाशी, बसथांब्यावर, धुळीचा मोठा लोट उठला. आवाज मागाहून आला आणि केबिनची काच थरथरली. गॅसचा सिलिंडर फुटला असेल, असं त्याला वाटलं. हाताच्या सवयीनं त्यानं आधी भारा सावकाश मजल्यावर टेकवला आणि मग नीट पाहिलं.

बाजारात माणसं जीव खाऊन पळत होती. त्यांच्यामागून दोघे जण चालत येत होते. नुसते चालत. एखाद्या दुकानापाशी थांबायचे, हात वर व्हायचे, आणि थोड्या वेळानं वर तडतड ऐकू यायची. मग पुढचं दुकान. एवढ्या मोठ्या रस्त्यावर न पळणारे तेवढे दोघेच होते, आणि त्यावरूनच त्याला काय चाललंय ते कळलं.

वॉकी-टॉकीवर मुकादम ओरडत होता, सगळं सोड आणि खाली ये. त्यानं सांगितलं, माझी बहीण तिकडे आहे, मला इथून दिसतंय. आणि वॉकी-टॉकी बंद करून फोन लावला.

बहीण काउंटरखाली होती. कुजबुजत म्हणाली, "दादा, बाहेर काय चाललंय?"

"ते नंतर. मागचं दार उघडतं का?"

"कुलूप आहे. किल्ली काकांकडे."

"काकांना म्हणावं, उघडा. गल्लीत कोणी नाही. दोघंही निघा."

फोनमध्ये खुडबुड झाली. मालक तिला जा म्हणाले. आपले गुडघे पळण्याच्या लायकीचे राहिले नाहीत, तू थांबलीस तर मला दोघांची काळजी, असं काहीसं. ती एकटीच बाहेर पडली. तिच्या डोक्यावरची ओढणी त्याला वरून दिसली. क्रेनचा हूक टेकवताना तो मनाशी बोले त्याच सुरात तो बोलू लागला. डावीकडे. हळू. भिंतीला धरून चाल. आता थांब. आता चल.

तेवढ्यात पुढच्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकानं एक बाई धावत येताना दिसली. खांद्याला लाल पिशवी. आवाज कुठून येतोय हे तिला समजत नसावं. ती कोपऱ्यावर आली, आणि ती कुठल्या बाजूला वळणार हे त्याला आधीच दिसलं.

"तिकडे नको!" तो ओरडला.

बंद केबिनमध्ये. गल्लीत बहीण जागच्या जागी थिजली.

"कुठे नको? दादा, कुठे नको?"

तिला थांबून चालणार नव्हतं. "तुला नाही म्हटलं," तो म्हणाला. "तू पळ. सरळ पळ." बहीण पळाली. ती पुलापलीकडच्या गर्दीत मिसळेपर्यंत तो तिच्याकडेच बघत राहिला. मान वळवली तेव्हा लाल पिशवीवाली बाई रस्त्यावर पडलेली होती आणि ते दोघे तिला ओलांडून पुढे गेले होते.

ती हलत होती. मग चष्म्याच्या दुकानाचं दार उघडलं आणि पांढरा कोट बाहेर आला. गुडघ्यांवर हात ठेवत, एकेक पाऊल टाकत मालक तिच्यापर्यंत गेले आणि रस्त्यावरच बसले. तिचं हलणं थांबल्यावरही बसून राहिले.

ते दोघे संध्याकाळपूर्वी बँकेच्या आवारात मारले गेले. ते त्याला दिसलं नाही. मध्ये इमारत होती. पोलिसांनी त्याचा जबाब घेतला. दोघांची उंची किती होती, असं विचारलं. वरून सगळ्यांची उंची सारखीच दिसते, असं त्यानं सांगितलं तेव्हा साहेब जरा वैतागले. त्यांना कपडे आणि दिशा हव्या होत्या, त्या त्यानं सांगितल्या. त्या बाईबद्दल कोणी विचारलं नाही. त्यानं आपण होऊन बहिणीलाही सांगितलं नाही. मालकही गप्पच होते. दुकान उघडलं तेव्हा अंगात नवा कोट होता एवढंच.

काही महिन्यांनी मुकादमानं त्याला भर दुपारी खाली बोलावलं. फाटकाशी एक मध्यमवयीन गृहस्थ उभे होते. त्या बाईचे पती. क्रेनवरच्या माणसानं सगळं पाहिलं, असं त्यांना पोलिस चौकीत कोणीतरी सांगितलं होतं. ते बराच वेळ इमारतीबद्दलच विचारत राहिले, किती मजले होणार, वर वारा लागतो का. मग म्हणाले, "ती लगेच गेली असेल ना?"

हो म्हणणं सोपं होतं. तो शब्द त्याच्या ओठांवर आलाही होता.

"लगेच नाही," तो म्हणाला. "थोडा वेळ होत्या. पण एकट्या नव्हत्या."

गृहस्थांना हे माहीत नव्हतं. त्यानं मुकादमाकडे पाहिलं. मुकादम म्हणाला, जा, घेऊन जा. दोघं बाजारापर्यंत चालत गेले. बहीण दारातच होती. ती काही विचारणार होती, पण भावाचा चेहरा बघून तिनं स्टूल पुढे केलं आणि पाणी आणायला आत गेली.

मालकांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खोटं कशाला सांगू, त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही. कोणाचंच नाही. एका पायातली चप्पल निघाली होती, ती कुठे गेली म्हणून विचारत होत्या. पुन्हा पुन्हा. मी शोधून आणली आणि पायात घातली. मग काही म्हणाल्या नाहीत."

"आदल्या दिवशीच घेतली होती," गृहस्थ म्हणाले. "चावतेय म्हणत होती. मी म्हटलं, दोन दिवस घाल, सैल होईल."

ते दुकान बंद होईपर्यंत बसले. पुढच्या महिन्यात चष्म्याचा नंबर तपासून घ्यायचाय म्हणून पुन्हा आले. मालकांनी त्यांना खुर्चीत बसवून नीट तपासलं. नंबर बदललेला नव्हता.